वर्गाबाहेरचा तास: पळताना, उड्या मारताना मूल काय शिकत असतं?

गृहपाठ राहिला, वर्गात बडबड केली, पाढे चुकले की शिक्षा ठरलेली असते: "आज मधल्या सुट्टीत खेळायला जायचं नाही." घरीही तेच. आधी अभ्यास, मग खेळ. यामागे एक समजूत आहे. शिकणं होतं ते बाकावर बसून, वही-पुस्तकासमोर, आणि मैदानावर चालते ती नुसती करमणूक. म्हणजे खेळ हे अभ्यासाचं बक्षीस, आणि बक्षीस केव्हाही काढून घेता येतं.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे, असं मी अगदी ठामपणे म्हणेन. या वयात धावणं, चढणं, लोंबकळणं, उघड्यावर उजेडात असणं हा वाढीचाच भाग असतो, आणि ज्याला आपण 'खरा अभ्यास' म्हणतो तो याच वाढीवर उभा राहतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं 2013 मध्ये मधल्या सुट्टीबद्दल आपली भूमिका जाहीर केली. शिक्षा म्हणून किंवा राहिलेला अभ्यास करून घेण्यासाठी मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शाळेच्या वेळापत्रकात डॉक्टरांना लक्ष घालावंसं का वाटलं, हे कळायचं तर आधी मुलाच्या शरीरात काय चाललेलं असतं ते बघायला हवं.

कानातला तोल आणि स्नायूंची जाणीव

पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत पाठ करतो. त्यांत न मोजलेल्या दोन संवेदना मुलाच्या हालचालीशी सगळ्यात जवळून जोडलेल्या आहेत.

पहिली तोलाची. कानाच्या अगदी आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो. त्यामुळे आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि डोकं कुठल्या दिशेनं, किती वेगानं फिरलं ते मेंदूला समजतं. पाण्याचा पेला गोल फिरवून एकदम थांबवला तर पेला थांबतो, पाणी मात्र फिरत राहतं. गिरक्या घेऊन थांबलेल्या मुलाला जग फिरताना दिसतं ते असंच. नळ्यांना लागूनच दोन छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक. झोपाळा वर गेला, घसरगुंडीवरून अंग खाली सुटलं, डोकं तिरकं झालं, की हे स्फटिक सरकतात आणि त्याची बातमी मेंदूपर्यंत जाते.

ही सगळी यंत्रणा जन्मतःच तयार असते. पण कानाकडून आलेली माहिती, डोळ्यांना दिसणारं दृश्य आणि पायांखालचा स्पर्श यांचा मेळ घालणं मेंदूला शिकावं लागतं, आणि प्राथमिक शाळेच्या वयात हे शिकणं जोरात चालू असतं. कठड्यावरून दोन्ही हात पसरून चालणारं मूल तेच करत असतं. एका पायावर उड्या मारणारं, उलटं लटकून जग पाहणारं मूलही तेच. बाकावर बसलेल्या मुलाचं डोकं तासन्‌तास जवळजवळ एकाच स्थितीत असतं, मग हा सराव व्हायचा कुठे?

एक छोटासा प्रयोग स्वतःच करून पाहा. अंगठा डोळ्यांसमोर स्थिर धरा आणि डोकं भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अंगठ्यावरच्या रेषा स्पष्ट दिसत राहतात. आता डोकं स्थिर ठेवा आणि अंगठा तेवढ्याच वेगानं हलवा. तो पुसट होतो. पहिल्या वेळी कानातल्या नळ्यांनी डोळ्यांच्या स्नायूंना थेट सूचना दिल्या, म्हणून नजर जागच्या जागी राहिली. फळ्याकडे बघायचं, मान खाली घालून वहीत उतरवायचं, पुन्हा वर बघायचं, यात हीच यंत्रणा कामाला लागते. गिरक्या घेतल्या की वाचन सुधारतं, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. शरीर आणि अभ्यास ही दोन वेगळी खाती नाहीत, एवढंच यातून कळतं.

दुसरी संवेदना स्नायूंची आणि सांध्यांची. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येतं ते तिच्यामुळे. स्नायू किती ताणला गेलाय, सांधा किती वाकलाय, याची खबर मेंदूला सतत मिळत असते. ढकलणं, ओढणं, ओझं उचलणं, दोरी चढणं, बारला लटकणं या कामांत ती भरपूर मिळते. पेन्सिल किती दाबायची, पान न फाटता कसं उलटायचं, हाही याच जाणिवेचा हिशेब. वर्गात सारखी चुळबुळ करणारी, खुर्ची मागे झुलवणारी मुलं आपल्याला बेशिस्त वाटतात. मला ती पुष्कळदा हालचालीला आसुसलेली वाटतात, आणि त्यांचीच मधली सुट्टी सगळ्यात आधी काढून घेतली जाते.

हाडांचंही इथेच सांगून टाकतो. हाड भार पडला की मजबूत होतं, आणि पौगंडावस्थेच्या आधीची वर्षं त्यासाठी मोलाची असतात. ठरावीक उंचीवरून दोन्ही पायांवर उड्या मारण्याचा नेमानं सराव दिलेल्या लहान मुलांच्या कंबरेच्या आणि पाठीच्या हाडांत भर पडल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पायरीवरून उडी मारणाऱ्या मुलाला त्याची काहीच कल्पना नसते, आणि असायची गरजही नाही.

डोळ्यांना हवा असतो उघड्यावरचा उजेड

या सगळ्या विषयात सर्वांत भक्कम पुरावा कुठला, असं कुणी विचारलं तर मी डोळ्यांकडे बोट दाखवेन.

मायनस नंबरचा चष्मा लागतो म्हणजे काय होतं? जन्माच्या वेळी डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण 17 मिलिमीटर असते, मोठेपणी ती 23-24 मिलिमीटरपर्यंत जाते. ही वाढ बेतशीर व्हावी लागते, म्हणजे बुबुळातून आलेला प्रकाश नेमका मागच्या पडद्यावर एकवटतो. डोळा गरजेपेक्षा लांब वाढला तर प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकवटतो आणि लांबचं धूसर दिसायला लागतं. एका मिलिमीटरची जादा वाढ म्हणजे साधारण अडीच ते तीनचा नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून तो लांबण्याआधीच काळजी घ्यायची असते, आणि शाळेची पहिली काही वर्षं त्यासाठी फार महत्त्वाची.

बराच काळ सगळा दोष वाचनाला दिला गेला. 2008 मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. सिडनी आणि सिंगापूर इथल्या सहा-सात वर्षांच्या, चिनी वंशाच्याच मुलांची. सिंगापूरमध्ये 29.1 टक्के मुलांना मायनस नंबर होता, सिडनीत फक्त 3.3 टक्के. दोन्हीकडे आई-वडिलांमधलं चष्म्याचं प्रमाण सारखंच होतं. आणि सिडनीची मुलं वाचनही कमी करत नव्हती, उलट आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती. ठळक फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळाचा: सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापूरमध्ये जेमतेम तीन.

नुसत्या तुलनेवरून कारण ठरवता येत नाही, म्हणून पुढे प्रत्यक्ष प्रयोग झाले. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतली पहिलीची मुलं घेतली. सहा शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला, बाकीच्या सहा शाळांत नेहमीचंच वेळापत्रक ठेवलं. तीन वर्षांत मैदानावर जाणाऱ्या गटातल्या 30.4 टक्के मुलांना नव्यानं मायनस नंबर लागला, दुसऱ्या गटात 39.5 टक्के मुलांना. हा निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तैवाननं तर 2010 पासून देशभर शाळांमध्ये रोज 120 मिनिटं मुलांना बाहेर काढण्याचा कार्यक्रम सुरू केला. वर्षानुवर्षं वाढत चाललेलं कमजोर दृष्टीचं प्रमाण त्यानंतर उलटं फिरलं. 2012 मध्ये 49.4 टक्के शाळकरी मुलांची नजर कमजोर होती, 2015 मध्ये 46.1 टक्के. आकडा छोटा वाटेल, पण तो सगळ्या देशाच्या मुलांचा आहे.

बाहेर असं असतं तरी काय? मुख्यतः उजेड. उजेड लक्स या एककात मोजतात. नीट प्रकाश असलेल्या वर्गात तो 300 ते 500 लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो, भर उन्हात एक लाखाच्या आसपास. आपली नजर या फरकाला इतकी सहज सरावते की तो जाणवतच नाही. डोळ्याच्या पडद्याला मात्र तो कळतो. तीव्र उजेडात पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि डोळ्याच्या लांबीला लगाम बसतो, असं सध्याचं स्पष्टीकरण आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत डोपामिनचा परिणाम औषधानं रोखला तेव्हा उजेडाचा फायदाही नाहीसा झाला. शिवाय बाहेर नजर लांबवर जाते, हेही आहेच.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक, डोळ्यांसाठी उन्हात तळपायची गरज नाही, सावली पुरते. सूर्याकडे थेट बघणं तर कधीच नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगायचं. दुसरी, बाहेर जाण्याचा फायदा चष्मा लागण्याआधी सगळ्यात स्पष्ट दिसतो. एकदा नंबर लागला की तो वाढू नये यासाठी बाहेरचा वेळ किती उपयोगी पडतो, याचा पुरावा तितका पक्का नाही. तेव्हा चौथी-पाचवीची वाट न बघता पहिलीपासूनच सुरुवात करावी.

थांबता येणं ही शिकायची गोष्ट आहे

आता डोक्याकडे वळू. एक खेळ घ्या. टाळी वाजली की पळायचं, शिट्टी वाजली की आहे त्या जागी थिजायचं. पाच मिनिटं रंगला की नियम उलटा करा: टाळीला थिजायचं, शिट्टीला पळायचं. मुलांचे चेहरे बघा. टाळी वाजते, पाय सवयीनं पुढे पडायला बघतात आणि मूल अख्खं अंग आवरून धरतं. त्या एका क्षणात तीन कामं होतात: नवा नियम डोक्यात धरून ठेवणं, जुनी ऊर्मी दाबणं आणि एका पद्धतीवरून दुसरीवर जाणं. हातच्याचा 1 लक्षात ठेवून पुढची बेरीज करताना, किंवा शेजारी गडबड चाललेली असताना परिच्छेद वाचताना मेंदूची हीच क्षमता लागते.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या 221 मुलांबरोबर हे तपासलं. निम्म्या मुलांना नऊ महिने शाळा सुटल्यावर भरपूर धावपळीचे खेळ दिले, उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं. खेळणाऱ्या गटाची ऊर्मी आवरण्याची आणि नियम बदलला की जुळवून घेण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली. हा अभ्यास 2014 चा.

नेदरलँड्समधला प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो, कारण त्यात खेळ आणि अभ्यास वेगळे ठेवलेलेच नव्हते. दोन गुणिले चार किती? आठ उड्या मारून उत्तर द्यायचं. शब्दाचं स्पेलिंग सांगायचं तर प्रत्येक अक्षराला एक उडी. आठवड्यातून तीनदा, वीस ते तीस मिनिटं, अशी दोन वर्षं. गणितात आणि स्पेलिंगमध्ये ही मुलं नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्यांपेक्षा चार महिन्यांहून अधिक पुढे गेली. वाचनात फरक दिसला नाही, तेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. हे तास वर्गातच, बाकाशेजारी उभं राहून झाले होते. म्हणजे हा फायदा हालचालीचा, मोकळ्या हवेचा त्यात वाटा नाही. मैदान नसलेल्या शाळेला म्हणूनच ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

मोकळ्या हवेचा वाटा वेगळा तपासला गेला तोही इलिनॉयमध्येच. तिसरीच्या वर्गांना काही धडे गवतावर आणि तसेच धडे वर्गात दिले, आणि त्याच्या पुढच्या तासाला मुलांचं लक्ष कसं राहतं ते नोंदवलं. शिक्षकांची नेहमीची भीती असते की बाहेरून आलेली मुलं आवरणार नाहीत. घडलं उलट. बाहेरच्या धड्यानंतर "इकडे लक्ष दे" म्हणायची वेळ जवळपास निम्म्यानं कमी आली.

बाहेरचा धडा असतो कसा

बाहेर शिकवायचं म्हणजे तोच फळा झाडाखाली नेऊन ठेवायचा, असं नाही. जे बाहेरच नीट कळतं ते बाहेर शिकवायचं.

सावलीचंच बघा. सकाळी शाळा भरल्यावर मुलांच्या जोड्या करायच्या. एकानं फरशीवर उभं राहायचं, दुसऱ्यानं खडूनं आधी त्याच्या पावलांची आणि मग सावलीची बाहेरची रेघ काढायची. शेजारी नाव आणि वेळ लिहायची. तासाभरानं पुन्हा तिथेच, त्याच पावलांच्या खुणेवर उभं राहायचं. सावली सरकलेली असते, आखूड झालेली असते. पहिलीचं मूल म्हणेल, "कुणीतरी माझी रेघ पुसली." तिसरीचं मूल आकाशाकडे हात करेल. मग सावली पावलांनी मोजायची: सकाळी सात पावलं, मग पाच, मग तीन. प्रत्येकाचं पाऊल वेगळं, म्हणून उत्तरंही वेगळी येतात आणि भांडण जुंपतं की बरोबर कोण. त्या भांडणात शिक्षकानं घाई करून पडू नये. सगळ्यांसाठी एकच माप का लागतं, हा प्रश्न मुलं स्वतःच काढतात, आणि तेव्हा हातात दिलेली मोजपट्टी त्यांना खऱ्या अर्थानं कळते. मोठ्या मुलांना सांगता येतं की पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून सावलीची दिशा बदलते. सगळ्यात आखूड सावली घड्याळात बरोबर बाराला पडेलच असं नाही, हे त्यांनी स्वतः मोजून काढलं तर त्यांचा आनंद बघण्यासारखा असतो. अट एकच: धडा सावलीबद्दल आहे, नजर जमिनीवरच.

दुसरा धडा आणखी साधा. सुतळीचा हातभर घेराचा वेढा जमिनीवर टाकायचा. या वर्तुळात काय काय आहे ते दहा मिनिटं बघायचं, उपटायचं काही नाही. पहिल्या मिनिटाला मुलं म्हणतात, "काहीच नाही, नुसतं गवत." तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कुणीतरी पोटावर पालथं झालेलं असतं. गवताची पाती एकसारखी नाहीत. एका पानाला खालून पांढरी लव आहे. एक मुंगी आपल्याहून मोठं काहीतरी ओढते आहे आणि काडी आडवी आली की मागे फिरून दुसरीकडून येते. नंतर या निरीक्षणातून भाषा निघते, चित्र निघतं, मोजणी निघते. 'खरखरीत', 'लवदार', 'कुरतडलेलं' हे शब्द बोटांना लागलेले असले की निबंधात आपोआप उतरतात.

गणितासाठी जमिनीवर 0 ते 20 ची संख्यारेषा आखावी, मुलांनी त्यावर पुढे उडी मारून बेरीज आणि मागे उडी मारून वजाबाकी करावी. 3 वर उभं राहून 5 मागे जायचं म्हटलं की मूल शून्यापाशी येऊन अडतं आणि विचारतं, "आता कुठे जाऊ?" ऋण संख्यांची इतकी चांगली सुरुवात मला तरी दुसरी माहीत नाही.

डेन्मार्कमध्ये पुष्कळ शाळा आठवड्यातला ठरावीक दिवस किंवा अर्धा दिवस असा बाहेर घालवतात, सहलीसारखा क्वचित कधीतरी नव्हे. स्कॉटलंडनं 2010 मध्ये बाहेरचं शिक्षण राष्ट्रीय अभ्यासक्रमाशी जोडणारी मार्गदर्शिकाच काढली. नियमितपणा हा इथला कळीचा मुद्दा आहे. वर्षातून एकदा बाहेर काढलेला वर्ग उधळतो, आणि त्यात नवल काही नाही. दर आठवड्याला बाहेर जाणाऱ्या वर्गाला बाहेर कसं वागायचं ते माहीत असतं.

खेळ त्यांचा, त्यांनीच ठरवलेला

धडे झाले, पण मोकळा खेळ वेगळा ठेवावाच लागतो. मोठ्यांनी आखलेला खेळ कितीही छान असला तरी त्यात मुलाला ठरवायला फार थोडं मिळतं. पकडापकडी सुरू करायच्या आधी मुलं नियमांवर जितका वेळ हुज्जत घालतात तितका वेळ कधीकधी खेळतही नाहीत. तो वेळ वाया गेलेला नसतो. राज्य कुणावर, धाकट्याला सवलत द्यायची का, रुसून निघालेल्याला परत कसं आणायचं, हे वाटाघाटीचं शिक्षण कुठल्याच पुस्तकातून मिळत नाही.

डेन्मार्कचे बागरचनाकार सोरेनसन यांच्या लक्षात आलं होतं की मुलं त्यांनी आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या भंगारात जास्त रमतात. 1943 मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात त्यांच्या कल्पनेतून फळ्या, विटा, दोऱ्या, टायर असं सामान टाकलेलं मैदान उभं राहिलं. जग तेव्हा महायुद्धात होतं. पुढे अशी मैदानं इतर देशांतही पसरली. कारण सोपं आहे. घसरगुंडी घसरगुंडीच राहते. चार फळ्या आणि एक जुनी चादर मात्र आज घर होते, उद्या जहाज, परवा दवाखाना. शाळेला यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. खिळे आणि धारदार कडा नसलेलं सामान, ते ठेवायला एक पेटी आणि पसारा सहन करण्याची तयारी पुरे.

"पडशील!"

इथे पालक आणि शिक्षक दोघांच्याही पोटात गोळा येतो, आणि ती काळजी खोटी नाही. पण धोका आणि जोखीम यांत फरक करायला हवा. गंजलेली कडा, सैल झालेला झोपाळ्याचा खांब, झाकण नसलेली टाकी हे धोके. मुलाला ते दिसत नाहीत, त्याच्यावर त्यांचा इलाजही चालत नाही, म्हणून ते मोठ्यांनी रोज बघून काढून टाकायचे. झाडाच्या दुसऱ्या फांदीपर्यंत चढायचं की तिसरीपर्यंत, ही जोखीम. ती मुलाला दिसते आणि त्याला तोलता येते.

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचं निरीक्षण करून त्यांचे सहा प्रकार मांडले: उंचीचे, वेगाचे, अवजारांचे, पाणी-आगीसारख्या गोष्टींजवळचे, झटापटीचे, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाण्याचे. लपाछपीत लपलेल्या मुलाच्या छातीत जे धडधडतं ते या शेवटच्या प्रकारातलं. मुलं ही भीती थोडी थोडी चाखून पाहतात आणि आपली मर्यादा ओळखतात.

चढणाऱ्या मुलाला खालून "सांभाळ, पडशील" ओरडण्यानं त्याला काहीच समजत नाही, फक्त त्याचं लक्ष पायावरून उडून ओरडणाऱ्याकडे जातं. त्याऐवजी "डावा पाय कुठे ठेवणार?" किंवा "ती फांदी हलतेय का बघ" असं हळू आवाजात विचारलं तर त्याचं लक्ष नेमकं जिथे हवं तिथे राहतं. आणि मुलाला उचलून उंचावर ठेवू नये. जिथे ते स्वतः चढू शकत नाही तिथून त्याला स्वतः उतरताही येत नाही.

मातीबद्दल थोडक्यात. फिनलंडमधल्या काही पाळणाघरांनी आपल्या अंगणात जंगलातली माती, झुडपं आणि गवत आणून पसरलं. 28 दिवसांत तिथल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, आणि रोगप्रतिकारशक्तीचा समतोल दाखवणारे रक्तातले घटकही चांगल्या दिशेनं बदलले. अभ्यास लहान होता, मुलंही शाळेच्या वयाहून लहान. पण मळलेल्या हातांना इतकं घाबरायचं कारण नाही, असं मानायला तो पुरेसा आहे. खाण्याआधी साबणानं हात धुवायचे, हा नियम अर्थातच कायम.

कडेला उभं राहिलेलं मूल

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेनं एक फेरी मारा. मधली सगळी जागा चेंडू खेळणाऱ्या दहा-बारा मुलांनी व्यापलेली असते, पुष्कळदा मोठ्या वर्गातल्या मुलग्यांनी. बाकीचे भिंतीला टेकून. "मैदान सगळ्यांसाठी खुलं आहे" म्हणून भागत नाही. आठवड्यातले काही दिवस चेंडू बंद ठेवला, किंवा मैदान आखून भाग पाडले, की कडेची मुलं मध्ये येतात.

बाद करण्याच्या खेळांचा तर मला मनापासून राग येतो. ज्याला पळता येत नाही ते मूल पहिल्या मिनिटाला बाद होतं आणि उरलेला सगळा वेळ बसून राहतं. म्हणजे सरावाची सर्वांत जास्त गरज ज्याला, त्यालाच सर्वांत कमी सराव. उपाय साधा आहे. बाद झालेल्यानं बाहेर बसायचं नाही, पाच उड्या मारून परत आत यायचं, किंवा ज्यानं पकडलं त्याच्या संघात जायचं. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी संख्यारेषा रुंद आणि सपाट जागेवर आखायची, सुतळीचं वर्तुळ टेबलाच्या उंचीच्या वाफ्यात टाकायचं. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू घालायचं. गोंगाटानं बावरणाऱ्या मुलासाठी एक शांत कोपरा ठरवून ठेवायचा आणि तिथे बसणं म्हणजे शिक्षा नाही, हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

किती, केव्हा, कसं

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी. आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेल असे आणि हाडा-स्नायूंना जोर पडेल असे खेळ असावेत. दम लागतोय का हे ओळखायची सोपी खूण: बोलता येतं पण गाता येत नाही, तेव्हा हालचाल मध्यम, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा जोरदार. हे 60 मिनिटं सलग लागत नाहीत. शाळेपर्यंत चालत जाणं, मधली सुट्टी, एक बाहेरचा धडा, संध्याकाळचा खेळ, असं जोडत गेलं तरी चालतं.

पहिल्यांदाच वर्ग बाहेर नेणाऱ्या शिक्षकांनी वीस मिनिटांचा एकच धडा धरावा. निघायच्या आधी वर्गातच काम समजावून सांगावं, कारण बाहेर गेल्यावर लांबलचक सूचना कुणी ऐकत नाही. हद्द डोळ्यांना दिसेल अशी असावी: या झाडापासून त्या भिंतीपर्यंत. परत बोलावण्याची एक खूण ठरवून तिचा खेळ करून सराव घ्यावा. जाताना आणि येताना मोजदाद करावी. कुणाला दमा आहे, कुणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे, हे आधी माहीत असावं आणि त्यांचं औषध बरोबर असावं.

कडक उन्हाच्या दिवसांत सकाळचा पहिला तास बाहेरचा ठेवावा, सावली निवडावी, टोपी घालायला लावावी आणि तहान लागायच्या आधीच पाणी प्यायला सांगावं. खेळात गुंतलेल्या मुलाला तहान कळत नाही. कुणी गरगरतंय म्हणालं किंवा एकदम गप्प झालं तर खेळ तिथेच थांबवून त्याला सावलीत न्यावं. विजा चमकत असतील किंवा हवा फारच धुराळलेली असेल तर बाहेर जाऊच नये, तेव्हा उड्यांचं गणित वर्गात घ्यावं. रिमझिम पावसाला मात्र घाबरू नये. एक जादा कपड्यांचा जोड शाळेत ठेवला तर डबक्यात पाणी किती खोल आहे, तासाभरात ते किती वाढलं आणि ऊन पडल्यावर ते कुठे गेलं, हे सगळे धडे त्याच आठवड्यात होतात.